मामाची जीभ आणि नणंदेचा ग्लास

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या विषयाचं नाव मोठं भारदस्त आहे, हवामान-अनुकूल शेती. माझ्या मामाला हे नाव सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे आजवर आम्ही काय हवामानाशी मारामारी करत होतो?" तर नाव बाजूला ठेवू आणि खारेपाटात जाऊ. अलिबाग आणि पेणच्या मधला, खाडीला टेकलेला हा सखल पट्टा. खोतांविरुद्ध चरी गावच्या कुळांनी 1933 ते 1939 एवढी वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, तो हाच मुलूख.

इथलं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतं. मध्ये फक्त मातीचा बांध, त्याला म्हणायचं बाहेरकाठा. त्याला खांड पडली की उधाणाचं पाणी सरळ भाताच्या खाचरात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे पुढचं सांगायला नको. पूर्वी गाव जोळ करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम वाटून घेऊन, एकत्र यायचं आणि बांध दुरुस्त व्हायचा. आता गावात बांधापेक्षा फार्महाऊसच्या कुंपणाच्या भिंती जास्त मजबूत असतात. असो, तो आजचा विषय नाही.

एक गोष्ट मात्र कानात ठेवा. मीठ वर चढतं ते उन्हानं आणि खाली उतरतं ते गोड्या पाण्यानं. उन्हाळ्यात जमीन सुकते, खालचं खारं पाणी वर ओढलं जातं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मे महिन्यात तिथं गेलात तर ढेकळांवर पांढरा पापुद्रा दिसेल. जूनचा पाऊस तो धुऊन काढतो. म्हणून खारेपाटात पहिल्या पावसाला कुणी पेरत नाही. पाणी खाचरात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, उघडून सोडून द्यायचं. असं दोन-तीनदा केलं की मग रहू टाकायचे, म्हणजे मोड आलेलं बी फेकून पेरायचं.

पण पाणी गोडं झालं हे ओळखायचं कसं? इथे माझा मामा येतो.

मामा खाचरात बोट बुडवून जिभेला लावतो. चाळीस वर्षं त्याचा हाच मीटर. मागे एका जुलैत गावात कृषिकन्या आल्या होत्या, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुली. त्यातल्या एकीकडे पेनाएवढं यंत्र होतं, पाण्यात धरलं की खारटपणाचा आकडा दाखवणारं. मामा म्हणाला, "बाय, तुझा पेन आणि माझी जीभ, होऊन जाऊ दे."

पाच खाचरांचं पाणी आणायचं ठरलं. भांडी कुठली? मामीचे स्टीलचे ग्लास. आणि तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे ग्लासावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. त्यामुळे नमुन्यांना नंबर द्यायची गरजच पडली नाही. एक मामीच्या माहेरचा, एक शेजारणीचा, एक महिला मंडळाचा, एक सोसायटीच्या सभेत मिळालेला, आणि पाचवा मामीच्या नणंदेचा. मामीची नणंद म्हणजे माझी आई.

मामानं ओटीवर बसून एकेक घोट घोळवला, थुंकला, निकाल दिला. माहेरचा गोडा. शेजारणीचा आणखी चार दिवस. मंडळाचा गोडा. सोसायटीचा खारट, शिवू नका. नणंदेचा एकदम गोडा, उद्या रहू टाका. मग मुलीनं यंत्र बुडवलं. पहिले चार बरोब्बर! आणि नणंदेच्या ग्लासात आकडा आला साडेपाच. साध्या भाताचा उतारा 3 च्या पुढे घटायला लागतो.

मामी दारातून म्हणाली, "वाटलंच होतं मला. वरून गोड."

माझी आई अजून ते विसरलेली नाही.

मामा मात्र हट्टाला पेटला. जीभ चुकणार नाही, म्हणाला. मामीनं मग आठवण करून दिली, "आवो, सकाळी सुकट आणि भाकरी कोणी खाल्ली?" पण मुलगी हुशार. ती म्हणाली, काका, चला, बघून येऊ. गेले तर बांधाच्या पोटात खेकड्याचं बीळ, आणि भरतीला त्यातून बारीक झरा. वरचा पाऊस पाणी गोडं करतोय आणि खालून खेकडा मीठ आत सोडतोय. त्या दिवशी ते बीळ बुजलं नसतं तर पुढच्या उधाणाला तिथंच खांड पडली असती.

या गोष्टीत वेळ गेला, पण ती सांगितल्याशिवाय माझा खारेपाट पुरा होत नाही.

आता झटपट. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून मीठ सोसणाऱ्या पनवेल-1, 2, 3 या भातजाती आल्या. मामानं एका खाचरात त्यातली एक लावली. त्या वर्षी ऑगस्टात पंधरा दिवस पाऊस गायब झाला. परत सांगतो, मीठ वर चढतं ते उन्हानं. शेजारच्या खाचरात पातीचे शेंडे पांढरे पडून करपले, पनवेलच्या रोपांनी तग धरला. भात रोप असताना आणि फुलोऱ्यात मिठाला फार हळवा, मधल्या काळात थोडा धट्टाकट्टा. म्हणून या दोन वेळी गोडं पाणी हाताशी हवं. मामानं कोपऱ्यात तळं खणलं, पाऊस साठवला. त्यात जिताडा सोडला, तो खाऱ्यातही जगतो, गोड्यातही. खणलेल्या मातीनं बांध वर उचलला. कापणीनंतर थोडा पेंढा जमिनीवर पसरून ठेवतो, म्हणजे ऊन थेट लागत नाही आणि मीठ कमी चढतं.

जुनं गावठी बी त्यानं सोडलेलं नाही. पेज त्याच तांदळाची, यावर घरात चर्चा होत नाही. माझंही मत तेच आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाची पेज म्हणजे आजाऱ्याला दिलेली शिक्षा.

आणि हो, मामानं नंतर तसलंच यंत्र विकत घेतलं. तरी आधी बोट, मग यंत्र. पेरणीच्या दिवसांत शेतावर जाण्याआधी सुकट बंद. नमुन्याला ग्लास लागतो, तो मामीनं कायमचा शेतातल्या खोपीत ठेवून दिला आहे. कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.