एचपी नंतर विचारा, आधी टेप लावा

मंडळी, विषय दिलाय होडीला आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळ्यावर टांगायचं इंजिन, कुठलं घ्यावं. समोर निम्मे लोक रापणीवर नायतर गिलनेटवर, म्हणजे जाळी टाकून मासेमारीला, जाणारे आहेत, म्हणजे इंजिन कशाला लागतं हे मी सांगायला नको. पण एक गोष्ट कित्येक वर्षं डोक्यात आहे ती आधी सांगतो, मग एचपीकडे येतो.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न काय? "किती एचपी पाहिजे?" होडीचा मागचा फळा किती उंच आहे हे कोणीच विचारत नाही हो! माझ्या आतेभावाने नवी फायबरची होडी केली, बावीस फुटी, आणि त्याला जे स्टॉकमध्ये होतं ते दिलं, १५ एचपी, शॉर्ट शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा आखूड. खाडीत मस्त चाललं. पण खाडीच्या तोंडावर, जिथे भरती-ओहोटीचं पाणी आणि लाटा भिडतात, तिथे मागून लाट आली की होडीची मागची बाजू वर, इंजिनाचा पाण्यातला पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी आडवी व्हायला लागते. आडवी झाली की काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला माहितीय. तो दुकानात परत गेला तर म्हणाले, ताकद कमी पडतेय, २५ घ्या. घेतलं की बिचाऱ्याने, कर्ज काढून! ते पण शॉर्ट शाफ्टच. तोच आवाज, तीच लाट. शेवटी एका म्हाताऱ्या तांडेलाने, होडी चालवणाऱ्या प्रमुखाने, टेप लावली, फळा निघाला २० इंच. पंधराच्या फळ्याचं इंजिन विसाच्या फळ्यावर टांगलेलं, पंखा पुरेसा खाली जाणार कसा? मला राग येतो तो याचा, दोन मिनिटांच्या मापासाठी माणसाचं कर्ज वाढलं आणि जीव पण धोक्यात आला.

तर माप असं घ्या. फळ्याच्या वरच्या काठापासून मधोमध सरळ खाली होडीच्या तळापर्यंत. १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० लाँग, २५ एक्स्ट्रा लाँग. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि वाळूच्या पट्ट्यावर पंखा आपटतो, म्हणजे उगाच लांब घेण्यात पण शहाणपण नाही.

 चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली.

एचपी. जाळी, बर्फ, माणसं भरलेली जड होडी पाणी कापत चालते, पाण्यावर चढून पळत नाही. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट असेल तर अशा होडीचा वेग साधारण ६ नॉटला, म्हणजे ताशी ११ किलोमीटरला, अडतो, मग तुम्ही १५ लावा की ४०, पेट्रोल तेवढं वाढतं. हलकी, सपाट तळाची होडी असेल आणि लांब पळायचं असेल तरच मोठं इंजिन घ्या.

पंखा. त्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पीच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते. ओझ्याच्या होडीला पीच कमी हवा. होडी पूर्ण भरा, फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, बघा. कंपनीने दिलेल्या रेंजच्या खाली राहिलं तर पीच एक इंच कमी करा, साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

टू-स्ट्रोक हलकं, गावात दुरुस्त होतं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, बहुतेकांना ५०:१. फोर-स्ट्रोक जड आणि महाग, पण हळू चालवत जाळी टाकणाऱ्याला पेट्रोल खूप वाचवतं. माझं मत, रोज जाणाऱ्याने फोर-स्ट्रोकच घ्यावं, पण त्याचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक) आणि प्लग जवळच्या बंदरात मिळतात का हे आधी बघून. आणि घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने आतून फ्लश करा, रोज. टेप मी सोबत आणलीय, ज्यांच्या होड्या खाली वाळूवर आहेत त्यांनी थांबा, लगेच मापं घेऊ.