स्मिताला पाहायचं तर कुठून सुरुवात करावी?

श्रोतेहो, नमस्कार.

आज १७ ऑक्टोबर. १९५५ साली याच तारखेला पुण्यात स्मिता पाटीलचा जन्म झाला. गेल्या दिवाळीत माझी भाची मला म्हणाली, "मावशी, स्मिता पाटीलचा एकच सिनेमा बघायचा तर कोणता बघू?" प्रश्न साधा, पण मी अडले. फराळाची ताटं उचलून झाली तरी माझं ठरेना. तिला जे सांगायचं होतं, ते आज तुमच्याशी बोलते.

माझ्या पिढीनं स्मिताला आधी पाहिलं ते अर्धंच! मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि थोड्याच काळात ती तिथं मराठी बातम्या वाचू लागली. टेबलामागे बसलेली सावळी मुलगी, कपाळावर मोठं कुंकू, खणखणीत आवाज. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, हा किस्सा पुढे सगळ्यांना ठाऊक झाला. पडद्यावर कमरेच्या वरचंच दिसायचं, मग खाली काय आहे याची चिंता कशाला? श्याम बेनेगल यांना ती सापडली ती याच बातम्यांमुळे. १९७५ मध्ये त्यांच्या 'चरणदास चोर' आणि 'निशांत'मध्ये ती दिसली, आणि पुढच्याच वर्षी गुजरातच्या दूध उत्पादकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या 'मंथन'मध्ये. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला तो सिनेमा. त्यातली बिंदू पाहताना मला पहिल्यांदा जाणवलं, की ही मुलगी अभिनय नुसत्या चेहऱ्यानं करत नाही. तिची पाठ बोलते. तिचं उकिडवं बसणंसुद्धा बोलतं.

स्मिता नाट्यशाळेत शिकलेली नव्हती. वडील शिवाजीराव पाटील खानदेशातल्या शिरपूरचे, राजकारणातले. आई विद्याताई समाजकार्यात. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. माणसांत बसायची, त्यांच्याकडे नीट बघायची सवय तिला तिथूनच लागली असावी, असं मला वाटतं.

आता १९७७ साल घ्या. बावीस वर्षांची मुलगी, आणि एकाच वर्षात दोन सिनेमे. एक 'जैत रे जैत', दुसरा 'भूमिका'.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा 'जैत रे जैत' डॉ. जब्बार पटेलांनी केला. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ती गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत. पण एकदा आवाज बंद करून नुसती चिंधी बघा. नको असलेल्या नवऱ्याला सोडून नाग्याकडे येणारी ही ठाकराची पोर. आखूड लुगडं, अनवाणी पाय, आणि डोंगर चढताना कुठेही न अडखळणारी चाल. शहरातली नटी रानात आणून उभी केली आहे, असं एका क्षणालाही वाटत नाही. समोर मोहन आगाशे आहेत, तरी नजर तिच्यावरून हलत नाही.

आणि 'भूमिका'? जुन्या काळच्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून घेतलेली ही उषाची गोष्ट. कोकणातल्या पोरीपासून पडद्यावरच्या नायिकेपर्यंत, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे, आणि प्रत्येक ठिकाणी मोकळी हवा शोधणारी बाई. शेवटी ती विनायक काळे या श्रीमंत माणसाच्या वाड्यात येते. अमरीश पुरींचा काळे आवाज चढवत नाही, हातही उगारत नाही. सगळं कसं शिस्तीत आहे. उषा तिथं हौसेनं रमते, अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या बायकोची सेवा करते. मग एक दिवस ती घरातल्या मुलाला जवळच्या जत्रेला न्यायला निघते आणि तिला कळतं, की या घरातून बाहेर पडायची मुभाच नाही. तेव्हाचा स्मिताचा चेहरा मी किती वेळा पाहिला असेल! आधी तिला ती चेष्टा वाटते. मग उमगतं. या दोन्हींच्या मधे जे दोन-तीन श्वास जातात, त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला असता तरी मला तो रास्त वाटला असता. तो मिळाला संपूर्ण भूमिकेसाठी.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार 'चक्र'साठी. जयवंत दळवींच्या कादंबरीतली झोपडपट्टी, आणि तिथली अम्मा. या सिनेमाबद्दल एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. त्यात अम्मा उघड्यावर आंघोळ करते, कारण झोपडपट्टीतल्या बाईला आडोसा कुठला? पण जाहिरात करणाऱ्यांनी नेमकं तेच दृश्य पोस्टरवर लावलं. स्मिता गप्प बसली नाही. सिनेमात ती बाई जगते आहे आणि पोस्टरवर ती विकली जाते आहे, हा फरक तिला कळत होता, आणि तो तिनं मुलाखतीत स्पष्ट मांडला.

१९८२ साली तर तिनं कहरच केला. 'अर्थ', 'बाजार', 'उंबरठा', आणि त्याच वर्षी 'नमक हलाल' आणि 'शक्ती'. पावसातल्या गाण्यावर नाचणारी नायिकाही तीच. त्या सिनेमांवर मी फार बोलणार नाही, तिथं तिला करण्यासारखं थोडंच होतं. त्यापेक्षा मृणाल सेन यांच्या 'अकालेर संधाने'मध्ये ती स्मिता नावाचीच नटी होऊन बंगालच्या दुष्काळावरचं चित्रीकरण करायला खेड्यात जाते, ते बघा. अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम्' बघा. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' तर तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. इंग्रजी अमदानीतलं गुजरातमधलं गाव, मिरचीचा कारखाना, आणि सुभेदारासमोर मान न झुकवणारी सोनबाई. शेवटी हातात विळा घेऊन उभी राहिलेली ती सोनबाई बघताना, या बाईला जेमतेम एकतीस वर्षं मिळाली, हे मला आजही खरं वाटत नाही. १३ डिसेंबर १९८६, बाळंतपणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी.

पण भाचीला मी नाव सांगितलं ते 'उंबरठा'चं.

शांता निसळांची 'बेघर' ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. खात्यापित्या घरातली सुलभा महाजन नवरा आणि लहान मुलगी राणी यांना मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. आमच्या घरी हा सिनेमा पाहिला तेव्हा आई तावातावानं म्हणाली होती, "लेकराला टाकून कशी गेली गं ही?" मी तेव्हा कॉलेजात होते, आईशी कडाकडा भांडले. आज मला दोघींचंही बरोबर वाटतं, आणि हे श्रेय स्मिताचं. तिनं सुलभाला कुठेही देवी केलं नाही. आश्रमात ती कडक आहे, काही वेळा चुकतेही. खुर्चीवर ताठ बसते, आणि दिवसामागून दिवस तो ताठा कसा थकत जातो, ते तिच्या खांद्यांत दिसतं. ती घरी परतते तेव्हा राणी तिला परकी झालेली असते, नवरा आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईबद्दल सांगतो. तिथं सुलभा आकांत करत नाही. ती ऐकून घेते. आणि पुन्हा निघते.

भाचीनं सिनेमा पाहिला आणि रात्री साडेअकराला फोन केला. बराच वेळ काही ना काही बोलत राहिली, सुलभाच्या नवऱ्यावर चिडली, सासूवर चिडली. मग म्हणाली, "मावशी, राणी मोठी झाल्यावर आईला शोधायला गेली असेल का गं?"

मी तिला म्हटलं, गाणी पुन्हा ऐक. त्यातलंच एक आता आपण ऐकू या. शब्द सुरेश भटांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, स्वर लता मंगेशकरांचा, 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'.