आजींची सही

(राजांगण, तुळस, पागोळ्या)

गोव्यात, बांदोड्यातलं हे घर. ओसरीवर एरवी आजींच्या हातात अडकित्ता असतो, आज पेन आहे.

कागदावर काय लिहिलंय? बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता येईनासं झालं, तर यंत्रांवर ठेवून माझं मरण लांबवू नका. खाली निर्णय कळवायला मुलाचं नाव.

याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 9 मार्च 2018 रोजी मान्यता दिली, पण वर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात पहिलं लिव्हिंग विल 2024 मध्ये केलं, ते तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी.

(फोंडा, नोटरीची खोली)

रांगेत जमिनीची कागदपत्रं घेतलेली माणसं. आजींचा कागद बघून नोटरी चष्मा काढतात, परत लावतात, सगळं पहिल्यापासून वाचतात.

(बेंथमचं चित्र)

हे जेरेमी बेंथम, उपयुक्ततावादाचे जनक. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे त्यांचं माप. त्या मापाने आयसीयूतली एकच खाट कुणाला द्यायची, हे गणित चटकन सुटतं: जगण्याची शक्यता जास्त, त्याला. आजींना हे सांगून पाहिलं.

"म्हणजे खाट अडवते म्हणून जायचं मी? ते नाही हं, बाबा. मला नको, म्हणून."

आम्हाला आजींचं पटतं. आणि खुद्द बेंथम यांनीही आपला देह विच्छेदनासाठी दिला, तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवून. 1832 साली गेले. कपडे चढवलेला त्यांचा सांगाडा आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात खुर्चीवर बसलाय.

(शिक्का. परत शिक्का.)

शेजारच्या काकींनी साक्षीदार म्हणून सही केली, दुसरी सही देवळातल्या पेटीवाल्यांची. वेळ आलीच, तर इस्पितळात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं कागद आणि रुग्ण तपासतात, घरच्यांची संमती घेतात, आणि मग यंत्रं काढतात.

(झेरॉक्सचं दुकान)

तीन प्रती. एक पंचायतीला, एक घरच्या डॉक्टरांना. तिसरी मुलाने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. स्कूटर सुरू व्हायला जरा वेळ लागला.