आधी पट्टी, मग ब्रश

मित्रहो, माझ्यासमोर हा जो डबा आहे त्यात मोनोपॉलीची 32 हिरवी घरं आणि 12 लाल हॉटेलं आहेत. तुमच्याकडे ‘व्यापार’ असेल तर त्यातलीही चालतील. बोर्ड गेममधल्या अशा वस्तू मिनिएचर वॉरगेमच्या, म्हणजे चिमुकल्या सैनिकांनी खेळायच्या लढाईच्या टेबलावर आणायच्या म्हटलं की सगळे आधी रंगाचंच विचारतात. रंगाचं शेवटी बघू. आधी पट्टी काढा.

घर साधारण सेंटिमीटरभर उंच आहे. 6 मिमी उंचीच्या सैनिकांचं प्रमाण धरलं, म्हणजे 1:300, तर ते 3 मीटरचं झालं. बैठं कौलारू घर. इथवर छान जमतं. गोची पुढे आहे. समजा 1815 ची वॉटर्लूची लढाई मांडायची आहे. आघाडीची लांबी साधारण 4 किलोमीटर. सैनिकांच्याच प्रमाणात जमीन मांडायला गेलात तर 13 मीटर लांब टेबल लागेल. म्हणून जमिनीचं प्रमाण वेगळं ठेवतात. 1 सेंटिमीटरला 20 मीटर धरले की तीच आघाडी 2 मीटरांत बसते. पण मग 60 मीटर लांबीच्या वाडीला टेबलावर जागा किती? फक्त 3 सेंटिमीटर.

माणसांच्या मापाने काटेकोर बनवलेली सुबक वाडी इथे घोळ घालते. ती 20 सेंटिमीटर पसरते, म्हणजे लढाईच्या जमिनीवर 400 मीटर. एका वाडीने आघाडीचा दहावा हिस्सा गिळला! तुमची पलटण तिला वळसा घालता घालता खेळ संपतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. वॉरगेममध्येही उंचीचं हे सोंग खपून जातं. जमिनीवर व्यापलेल्या जागेचं खपत नाही.

आता वॉटर्लूचीच एक वाडी, ला हे सेंत, करून बघू. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या आघाडीच्या मधोमध, ब्रसेल्सच्या रस्त्याला लागून असलेली ही वाडी. तीन बाजूंना इमारती, रस्त्याच्या बाजूला भिंत, मध्ये अंगण. आत मेजर गेओर्ग बारिंग आणि किंग्ज जर्मन लीजन या ब्रिटिश सैन्यातल्या जर्मन दलाचे सुमारे 400 जवान. आदल्या रात्री पावसात कुडकुडणाऱ्या सैनिकांनी कोठाराचं दार सरपण म्हणून जाळलं होतं. दुसऱ्या दिवशी फ्रेंच नेमके त्या भगदाडातून घुसायला बघत होते. संध्याकाळी काडतुसं संपली आणि वाडी पडली.

3 सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा घ्या. दोन बाजूंना एकेक हिरवं घर, कोठारासाठी लाल हॉटेल, कारण ते जरा लांबट असतं. चौथ्या बाजूला पुठ्ठ्याची अरुंद पट्टी, ती भिंत. हॉटेलच्या शेताकडच्या अंगावर एक काळा चौकोन रंगवा. दार नाहीच, तेव्हा दार कोरत बसायची गरजही नाही. अंगण मोकळं सोडा, वाडी कुणाच्या ताब्यात आहे ते दाखवणारी सोंगटी तिथे राहील.

28 मिमी उंचीच्या सैनिकांना हे गणित उलटतं. तिथे दहा-बारा माणसांची चकमक असते आणि एकेक माणूस दारात, कपाटामागे उभा राहतो. 2015 च्या फ्रॉस्टग्रेव्हसारखा खेळ घ्या. जादूगार, त्याचा शिष्य, मूठभर भाडोत्री आणि पडक्या शहरातला खजिना. त्यासाठी हीरोक्वेस्ट या बोर्ड गेममधलं फर्निचर आयतं आहे. 1989 ला मिल्टन ब्रॅडलीने तो खेळ गेम्स वर्कशॉपच्या साथीने काढला, त्यामुळे माप याच जातीच्या मिनिएचरचं. पेटारे थेट खजिन्याच्या खुणा म्हणून वापरा. पुस्तकांचं कपाट मात्र तपासून घ्या. सैनिक त्याच्यामागे ठेवा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जा, गुडघ्यावर बसा आणि सैनिकाच्या उंचीवरून बघा. डोकं दिसतंय का? दिसत असेल तर तो अर्धवट आडोसा. हे खेळ सुरू होण्याआधी दोघांनी मान्य करा, नाहीतर फासे पडल्यावर वाद होतो.

हीरोक्वेस्टचे रचनाकार स्टीफन बेकर पुढे हीरोस्केपच्या रचनाकारांमध्येही होते. तो खेळ 2004 चा. त्यात षटकोनी प्लॅस्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवून डोंगर उभा करतात. सैनिक घसरत नाही, हा त्याचा मोठा गुण. दिसतो मात्र घाटाच्या पायऱ्यांसारखा. लोक त्यावर वाळू चिकटवून पायऱ्या बुजवायला जातात आणि तुकडे कायमचे वाया घालवतात. माझं मत विचाराल तर वर हिरवं फेल्टचं कापड टाका. टेकडी गोलसर दिसते, कापडाखालच्या पायऱ्या सपाटच राहतात आणि खेळ संपला की सगळं डब्यात परत.

आता रंग, थोडक्यात. भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. प्लॅस्टिक वाकणारं असेल तर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) चिकट राहू शकतो, आधी तळाशी मारून बघा. थर्माकोलवर स्प्रे थेट मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉलचा थर द्या. पावसाळ्यात गॅलरीत स्प्रे मारलात तर पृष्ठभाग पिठासारखा खरबरीत होतो. हे काम दसऱ्यानंतर काढा.

मागून प्रश्न आलाय: घरं चिकटवली तर मोनोपॉली कशाने खेळायची? चिकटवू नका, ब्लू-टॅकची, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लांबीची गोळी पुरते. जुना हीरोक्वेस्ट पूर्ण असेल तर त्याला रंग लावूच नका, हवं तर 2021 ची नवी आवृत्ती रंगवा, तिचं फर्निचर सगळं प्लॅस्टिकचं आहे. आणि रंगवायला घरं हवीच असतील तर बोर्ड फाटलेला, नोटा हरवलेला डबा जुन्या बाजारात शोधा. त्यात हॉटेलं बहुधा सगळी सापडतील, कारण हॉटेल बांधेपर्यंत कोणी खेळतच नाही.