मागून न बसणारी गाडी

[दृश्य: पहाटेचा उजेड. एका लांब, जुन्या स्टेशन वॅगनचे मागचे दार वर उघडते. बॅगा आत चढताहेत.]

निवेदन:

सामान भरताना बॅगांकडे बघू नका, मागच्या चाकाकडे बघा. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटांची फट असते. पहिली बॅग आत जाते, मग पेटी, मग घडी घातलेली सायकल. फट तीन बोटांवर येते, मग दोन. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : गाडी मागून बसली.

आज ज्या गाडीची गोष्ट सांगायची आहे, ती मागून बसत नाही. मर्सिडीज-बेंझच्या १२३ मालिकेतली ही स्टेशन वॅगन. कारखान्यात तिला एस १२३ म्हणत, बाजारात ती ‘टी’ म्हणून आली. टी म्हणजे पर्यटन आणि वाहतूक, या दोन्ही शब्दांचे जर्मनमधले पहिले अक्षर. सप्टेंबर १९७७मध्ये ती फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि १९७८च्या वसंतात ब्रेमेनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली.

[दृश्य: जुनी छायाचित्रे. मालवाहू कोम्बी गाड्या, रुग्णवाहिका.]

तोवर जर्मनीत ‘कोम्बी’, म्हणजे वॅगन, म्हटले की डोळ्यांसमोर यायचा सुतार, नळकाम करणारा, भाजीवाला. आठवडाभर माल वाहायची गाडी. पैसेवाल्याने सेडान घ्यावी, असा रिवाज. मर्सिडीजची वॅगन हवीच असेल तर गाड्यांची बॉडी बांधणारे बाहेरचे कारखाने ती बांधून देत. कारखान्याने स्वतः आखलेली, स्वतः घडवलेली पहिली नियमित वॅगन ही टीच. तिची लांबी सेडानइतकीच ठेवली, ४,७२५ मिलिमीटर. दोन चाकांमधले अंतरही तेच, २,७९५. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सेडानचे छप्पर मागे ओढले आणि दार लावले, झाले काम.

काम तिथे सुरू होते.

[दृश्य: बैलगाडी. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवतो आहे.]

बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. म्हणून तो पोती पुढे-मागे सरकवतो, जू हाताने उचलून बघतो, मगच बैल जुंपतो. स्टेशन वॅगनमध्ये ही सोय नाही. सामानाची जागा ठरलेली : मागच्या चाकांच्या वर आणि त्यांच्याही मागे. म्हणजे ही गाडी जन्मतःच उलाळ होण्याच्या बेतात असते.

थोडे गणित मांडतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. समजा, रिकाम्या गाडीचे ६०० किलो वजन मागच्या दोन स्प्रिंगांवर आहे. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून स्प्रिंग मऊ निवडले, इतके मऊ की गाडी सेकंदाला साधारण सव्वा हेलकावा घेईल. माणसाला ही लय मानवते, चालण्याच्या लयीपासून ती फार दूर नाही. आता मागे दोन माणसे आणि सामान मिळून ४०० किलो चढवा. तेच स्प्रिंग आणखी ११ सेंटिमीटर दबतात. एवढी जागा चाकाच्या वर जेमतेम असते. पुढचा खड्डा आला की रबराच्या ठोकळ्यावर लोखंड आदळणार.

मग स्प्रिंग दुप्पट कडक करावेत? बसणे निम्मे होईल. पण गाडी रिकामी असेल त्या दिवशी, म्हणजे वर्षातल्या बहुतेक दिवशी, ती मागून उडत राहील. आमच्या पिढीने जीपच्या आणि टेम्पोच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर हा अनुभव भरपूर घेतला आहे. माल असेल तर गाडी शहाणी, नसेल तर ढेकळावरही नाचणार.

[दृश्य: चालकाच्या सीटवरून. भरलेल्या गाडीचे बोनेट वर उचललेले, क्षितिज खाली गेलेले.]

आणि याचा त्रास मागे बसणाऱ्यालाच होतो असे नाही. मला तर वाटते, सर्वात जास्त तो चालकालाच होतो, आणि त्याला स्वतःलाही तो कळत नाही.

मागचा भाग ११ सेंटिमीटर खाली गेला की सगळी गाडी सव्वादोन अंशांनी मागे कलते. चालकाची सीटही कलते, कारण ती गाडीलाच बोल्ट केलेली आहे. सव्वादोन अंश ऐकायला काहीच नाही. पण पाठ मागे गेली की मान पुढे आणावी लागते. बोनेटची कड वर येते, जवळचा रस्ता दिसेनासा होतो. पुढच्या चाकांवरचा भार थोडा हलका होतो आणि स्टीअरिंग हाताला पोकळ लागते. हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात, तो डिपर मारत राहतो. घरी पोहोचल्यावर खांदे दुखतात आणि माणूस म्हणतो, सीट चांगली नाही. सीट सकाळी चांगलीच होती. तिच्या खालची जमीन कलली.

म्हणून चालकाची जागा आणि प्रवासाचा आराम ही दोन वेगळी प्रकरणे मानू नयेत. गाडी आखताना चालकाची जागा दोन बिंदूंपासून मोजतात : ॲक्सलरेटरवर ठेवलेल्या पायाची टाच आणि बसलेल्या माणसाच्या कमरेचा सांधा. स्टीअरिंग किती दूर, छप्पर किती उंच, काच कुठे संपते, हे सगळे तिथून ठरते. मिलिमीटर-मिलिमीटर भांडून ठरते. आणि मग कुणीतरी डिकीत ओझे ठेवतो आणि ती सगळी आखणी मागे झुकते.

[दृश्य: वळणाचा डोंगरी रस्ता. गाडी खळग्यावरून जाते. मंद गती.]

दुसरे दुखणे झोक्याचे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरला आहे, त्याला ते समजावून सांगायला नको. खळगा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. ताशी ६० किलोमीटरला या गाडीत दोहोंमध्ये सेकंदाचा सहावा भाग जातो. पुढचा भाग वर जाऊन खाली येऊ लागला, तोवर मागचा वर निघाला. सुरू झाला पाळणा. चालक दोन चाकांच्या मधोमध बसतो, त्यामुळे तो फारसा वर-खाली होत नाही. पण त्याचे डोके उंचावर आहे, ते पुढे-मागे होकार देत राहते.

१९३०च्या दशकात मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना यावर तोड काढली. मागच्या स्प्रिंगची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवा. मागचा भाग उशिरा निघतो खरा, पण झपाझप पुढच्याला गाठतो आणि दोघे एकत्र वर-खाली होतात. पाळणा एक-दोन झोक्यांत थांबतो. मोटारीच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी सुंदर सूचना मला दुसरी सापडलेली नाही.

पण वॅगनच्या मागे ओझे पडले की पोलादी स्प्रिंगची लय मंदावते. मघाच्या उदाहरणातला सव्वा हेलकावा एकाच्याही खाली येतो. आता मागचा भाग पुढच्याला गाठत नाही, मागेच राहतो. ऑलीची तोड नेमकी हवी त्या दिवशी, सुट्टीच्या लांब प्रवासात, निकामी होते.

[दृश्य: गाडी लिफ्टवर. खालून कॅमेरा. धातूचे दोन काळे गोळे.]

आता खाली या. हे पाहा.

मागच्या चाकांपाशी नेहमीच्या शॉकअपच्या जागी तेलाचे दोन खांब आहेत. प्रत्येक खांबाला नळीने जोडलेला एक धातूचा गोळा, लहानशा नारळाएवढा. गोळ्याच्या आत रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबाखाली भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. तेल दबत नाही, वायू दबतो. म्हणजे स्प्रिंगचे काम वायू करतो, आणि अरुंद वाटेने जाणारे तेल हेलकावा शमवते. पोलादी स्प्रिंगही आहेत, भाराचा एक वाटा ते उचलतात. बाकीचे ओझे तेल-वायूवर.

पुढे इंजिनला जोडलेला तेलाचा छोटा पंप आहे. आणि इथे, वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या मागच्या अँटी-रोल बारला एका कांडीने जोडलेली ही झडप. गाडी मागून बसली की बार फिरतो, कांडी झडप उघडते, पंपाचे तेल खांबांत शिरते. गाडी हळूहळू वर येते. ठरलेल्या उंचीला आली की झडप बंद. सामान काढले की उलटा प्रवास, तेल परत टाकीत. खड्ड्याखड्ड्याला ही झडप धावत नाही, तेल सावकाश येते-जाते. तिला ओझे कळते, धक्का नाही. ना वायर, ना कॉम्प्युटर.

आणि खरी गंमत गोळ्यात आहे. ओझे वाढले की वायूचा दाब वाढतो, तो कमी जागेत कोंडला जातो आणि आपोआप ताठ होतो. गाडी हलकी असताना मऊ, जड झाली की कणखर. पोलादाला जे जमत नव्हते ते इथे जमते : उंची टिकते आणि मागच्या भागाची लयही मंदावत नाही. चालकाची पाठ सकाळी होती त्याच कोनात, बोनेट तिथेच, पाळणा शांत.

तेल आणि वायूची ही जोडी मर्सिडीजची कल्पना नव्हे, हे सांगायलाच हवे. सित्रोएन या फ्रेंच कंपनीत पॉल माजेस यांनी ती घडवली. १९५४ साली एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना, आणि १९५५च्या डीएस या मोटारीत चारही चाकांना. माझ्या मते डीएसइतका मऊ प्रवास त्या काळी दुसऱ्या कुठल्याच मोटारीत नव्हता. मर्सिडीजने फक्त मागच्या ॲक्सलपुरती तशी रचना केली, पण प्रत्येक टीला दिली. जास्त पैसे मोजणाऱ्याला नाही, सर्वांना. सावकाश चालणाऱ्या २४० डिझेललासुद्धा. माझ्या मनात या गाडीबद्दल जो आदर आहे तो या एका निर्णयामुळे.

[दृश्य: आतला भाग. मोठे, बारीक कड्याचे स्टीअरिंग. चालक बसतो.]

आता बसून बघू.

पहिल्यांदा सीट कडक वाटते. सोफ्यासारखी अंगाला कवटाळत नाही. आत पोलादी स्प्रिंगांची जाळी आहे, वर रबर चढवलेल्या केसांची गादी. ती हवा खेळवते आणि बसत नाही. मांडीखालचा आधार गुडघ्याजवळ येईपर्यंत सलग आहे. शोरूममध्ये मऊ सीट जिंकते, सहाव्या तासाला ही जिंकते. माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या थरथरीला सर्वात हळवे असते. पोट, मणका, सगळेच त्या लयीत हलू लागते. ती थरथर चाकाकडून आली तरी तुमच्यापर्यंत पोहोचू न देणे हे सीटचे खरे काम.

हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये नाही. तो डाव्या पायाने दाबायचा आणि डॅशबोर्डवरची मूठ ओढून सोडायचा. त्यामुळे मधली जागा मोकळी. समोर तीन गोल घड्याळे, मधले सर्वात मोठे, वेगाचे. खांब बारीक, काचा उंच, आणि बोनेटच्या टोकाला तारा. उंच माणसाच्या डोक्यावर जागा उरते, बुटक्या माणसाला बोनेट दिसते. आज गाडीत स्क्रीन किती इंचांचा ते विचारतात. चालकाला स्वतःच्या गाडीचे कोपरे दिसतात का, हे विचारणारे कमी झाले, याचे मला वाईट वाटते.

एक गोष्ट मात्र वॅगनला कायमची छळते : घुमणे. सेडानमध्ये डिकी वेगळी, मध्ये सीटची पाठ आणि पत्रा. वॅगन म्हणजे एक सलग खोली. मागच्या चाकांचा, दाराच्या मोठ्या पत्र्याचा आवाज सरळ चालकाच्या कानापर्यंत येतो. खडबडीत डांबरावर तो आवाज म्हणून ऐकू येत नाही, कानावर दाब म्हणून जाणवतो. ढोलात बसल्यासारखा. टी यातून पूर्ण सुटलेली नाही.

[दृश्य: पुणे. पिंपरीचा रस्ता.]

आपल्या बाजूची आठवण थोडक्यात. टेल्कोने १९९२ साली ‘टाटा इस्टेट’ आणली, ती पिंपरीत घडली. तिचा पाठमोरा आकार बघताना टीच्या पुढच्या पिढीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मर्सिडीजने १९९५ साली पुण्यातच, टेल्कोच्या आवारात, त्याच पुढच्या पिढीतल्या, १२४ मालिकेच्या, सेडानची जुळणी सुरू केली. वॅगन मात्र इथे कधी जुळवली गेली नाही. २०१७मध्ये व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री ६० लाखांना आली, २०१८मध्ये मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन ७५ लाखांना. या दोन्ही वॅगन फार थोड्या घरी गेल्या. आपण उंच एसयूव्ही निवडल्या. आपले रस्ते बघता ते समजण्यासारखे आहे.

[दृश्य: ब्रेमेन. गॅरेजबाहेरचे अंगण. जुनी टी उभी.]

१९८६च्या जानेवारीत शेवटची टी बाहेर पडली, तोवर सुमारे दोन लाख बनल्या होत्या. ज्या उरल्या, त्यांच्या गोळ्यांतला नायट्रोजन वर्षानुवर्षे पडद्यातून झिरपत असतो. वायू संपला की गोळ्यात नुसते तेल, आणि तेल दबत नाही. गाडी मागून बैलगाडीसारखी आदळू लागते. लोक स्प्रिंग बदलतात, टायर बदलतात. बदलायचे असतात ते दोन गोळे.

म्हणून जुनी टी घ्यायला गेलात तर एक करा. इंजिन चालू ठेवा, पंपाला ते लागते. मागचे दार उघडा आणि दोघे जण उंबऱ्यावर बसा.

[दृश्य: दोन माणसे उंबऱ्यावर बसतात. मागचे चाक, जवळून. निवेदन थांबते. फक्त डिझेल इंजिनचा आवाज.]

फट दोन बोटांवर आली.

थांबा. उठू नका.

तीन बोटे.

चार.