शिवसुमन: कुंडीत सोपं, कड्यावर अवघड

हा जो काळा कातळ दिसतोय ना, सरळ उभा, त्याच्या बारीक भेगेत नीट बघा. जाड रसाळ फांद्या खाली लोंबतायत आणि त्यांच्यावर गर्द लाल-तपकिरी चांदणीसारखं फूल, पाच टोकांचं, मधे पिवळी नक्षी. कॅमेरा अजून जवळ नेला की पाकळ्यांच्या कडेला बारीक केसांची झालर पण दिसते. हेच शिवसुमन, काही लोक शिंदळ माकुडी म्हणतात.

जगात हे नैसर्गिकरीत्या फक्त महाराष्ट्रात उगवतं, सह्याद्रीतल्या थोड्याच कड्यांवर. १८६० च्या दशकात डाल्झेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं जुन्नरजवळ, शिवनेरीच्या परिसरातून याची नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून याला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिलं. नंतर पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणीही ते सापडलं. एकेकाळी आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत याला घेतलं होतं, म्हणजे विचार करा आपण कशाच्या समोर उभे आहोत.

उन्हाळ्यात इथं आलात तर कदाचित ओळखूही येणार नाही. पानं सगळी गळून जातात, नुसत्या फांद्या उरतात आणि त्यांच्यात साठवलेल्या पाण्यावर हे तापलेल्या दगडावर महिनोन्महिने तग धरतं. पाऊस पडला की परत पानं फुटतात आणि मग फुलं येतात. फुलाचा वास आपल्याला आवडेल असा नाही, तो माश्यांसाठी आहे. परागकण सुटे नसतात, छोट्या पुड्या बांधल्यासारखे असतात, ती पुडी माशीला चिकटते आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोचली तरच शेंगा धरतात. शेंगा जोडीनं येतात, वाळून फुटल्या की रेशमी केसांचं बी वाऱ्यावर निघतं. आता त्या बीनं पडायचं कुठं तर उभ्या कड्यावर, जिथं मूठभर माती आहे अशाच भेगेत. बहुतेक बी तिथवर पोचतच नाही हो.

आणि यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे फांदी तोडून लावली की हे अगदी सहज जगतं. म्हणून नर्सरीत, बागेत, लोकांच्या गच्चीवर शिवसुमन आहे, आणि मग लोकांना वाटतं की वाचलं की झाड, काळजी कशाला! पण एकाच फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच झाडाच्या शंभर कॉप्या. रोग आला किंवा हवामान बदललं तर सगळी सारखीच कमकुवत. वेगवेगळ्या कड्यांवरच्या झाडांमधलं वेगळेपण कुंडीत येत नाही, ते बीमधून येतं, म्हणजे माशी हवी, आजूबाजूला दुसरं झाड हवं आणि कडा शाबूत हवा.

कडा शाबूत राहणं तर दिवसेंदिवस अवघड होतंय. दरड कोसळते, गवताला लावलेला वणवा वर चढतो, शेळ्या जिथं पोचतात तिथं कोवळं खातात, आणि वरून आपण, फोटो काढतो, लोकेशन टाकतो, आणि पुढच्या रविवारी कोणीतरी "एकच फांदी" म्हणून तोडून नेतो. कळकळीनं सांगतो, असं करू नका. हौस असेल तर नर्सरीतलं रोप घ्या. आम्हीही या कड्याचं नाव मुद्दाम सांगत नाहीये.

परत कड्यावर लावायचं काम मात्र जपून करावं लागतं. ज्या गडावरची फांदी त्याच गडाच्या लेबलखाली वाढवायची, सरमिसळ नाही. एका झाडाची नाही, अनेक झाडांची थोडी थोडी घ्यायची. मग पावसाच्या सुरुवातीला दोर बांधून खाली उतरायचं, भेगेत माती दाबून रोप बसवायचं, आणि पुढची काही वर्षं शेंगा धरतायत का ते बघायला येत राहायचं, कारण नुसतं रोप जगलं एवढ्यावर काम संपत नाही.