पानी

(दृश्य: पहाट. वाळवा तालुक्यातलं एक गाव. उसाच्या फडावर धुकं. चूल पेटलेली.)

आज ग्रामसभा आहे. भाकरी थापता थापता वैनी पुटपुटतायत, "सरपंच साहेब, दोन महिनं झालं आमच्या आळीला..." आणि तिथंच अडतात. पुन्हा पहिल्यापासून. तव्यावरची भाकरी करपायला आली तरी ध्यान नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांना सभेत बोलायला उभं केलं होतं. एक शब्द फुटला नाही. "पाय लटलटायला लागलं, तोंडाला कोरड पडली. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं."

याला भित्रेपणा म्हणू नका. उसात बिबट्या दिसला तरी शरीर हेच करतं. ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ आटते. पळायची नाहीतर झुंजायची ही तयारी. माइकपुढं ना पळता येतं, ना झुंजता येतं.

पण वैनींच्या भीतीला आणखी एक मूळ आहे, आणि ते माझ्या ओळखीचं आहे. शाळेत १५ ऑगस्टच्या भाषणात मी 'पाणी'ला 'पानी' म्हणालो. पुढं बसलेली पोरं हसली. गुरुजींनी तिथंच, सगळ्यांसमोर, शब्द सुधारून घेतला. त्यानंतर बारा वर्षं मी व्यासपीठाची पायरी चढलो नाही. सांगायला काही नाही म्हणून जीभ अडत नव्हती. आपलं बोलणं 'अशुद्ध' आहे, या धास्तीनं अडत होती. ही धास्ती मोठी माणसंच पोरांच्या मनात घालतात, याचा मला आजही राग येतो.

(दृश्य: येडेमच्छिंद्र गावातला रस्ता.)

क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातले. १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, पुढं प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी राज्य झुगारून गावांनी चालवलेल्या कारभाराचे, नेते झाले. त्यांची भाषा रानातली, चावडीवरची, म्हणी आणि दाखल्यांनी भरलेली. त्या भाषेसाठी माणसं लांबलांबून चालत सभेला यायची. बोली ही त्यांची ताकद होती. वैनींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मी बी माझंच बोलते की."

(दृश्य: बचत गटाची बैठक. मांडीवर उघडी वही.)

सुरुवात इथं झाली. महिन्याचा हिशेब मोठ्यानं वाचायचा, एवढंच काम. आकडे वाचताना नजर वहीत राहते. मग हिशेबानंतर दोन वाक्यं स्वतःची. मग महिलासभा.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्ची मिळाली, पण बोलायचा सराव कुठं करायचा? कायदा सांगतो, ग्रामसभेआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्या. सरावाची ती हक्काची जागा. जिथं ती नुसत्या सह्या घेऊन उरकली जाते, तिथं बायकांच्या पायाखालची पायरीच काढून घेतली जाते.

वैनींनी आणखी दोन गोष्टी धरल्या. उठण्याआधी श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा, चार-पाच वेळा. ठोके उतरतात. आणि पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य. सगळं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी पुढचं सगळं हातातून जातं.

(दृश्य: दुपार. ग्रामपंचायतीसमोरचा मांडव.)

वैनी उठतात. हातातला कागद थरथरतोय. त्यांना वाटतंय, सगळ्या गावाला ती थरथर दिसतेय. मी तिसऱ्या रांगेत होतो, मला कॅमेऱ्यातून बघितल्यावरच कळलं.

"सरपंच साहेब, दोन महिनं झालं आमच्या आळीला पानी न्हाई. टाकी भरतीया, मग पानी जातंय कुठं?"

मांडवात कुणी हसलं नाही. मागनं एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय."

ग्रामसेवकांनी वही पुढं ओढली आणि इतिवृत्तात लिहिलं: 'विषय क्रमांक ४. पिण्याचे पाणी.'